होम थिएटर घेताय? आधी खोली मोजा, मग खोका बघा



दसरा-दिवाळी जवळ आली, सोयाबीनचे नाहीतर उसाचे पैसे हातात आले, की घरात एक विषय हमखास निघतो. टीव्ही मोठा आला, चित्र झकास दिसतं, पण आवाज बारीक. मुलं म्हणतात, "आई, आता होम थिएटर घेऊ." तक्रार खोटी नाही. पातळ टीव्हीच्या आत मोठ्या स्पीकरला जागाच नसते. जे छोटे स्पीकर असतात त्यांचं तोंड बऱ्याचदा खाली किंवा मागे असतं. त्यामुळे बोलणं अस्पष्ट येतं, आणि सासूबाईंना कमी ऐकू येत असेल तर विचारूच नका.

गाणी ऐकावीत, सिनेमा बघावा, यात काही वावगं नाही. दिवसभर राबणाऱ्या बाईला घटकाभर करमणूक हवीच. पण या वस्तूच्या बाबतीत दुकानात गोंधळ फार होतो. खोक्यावर मोठमोठे आकडे असतात, पाच-पाच स्पीकर दाखवतात, हप्ता "फक्त इतका" सांगतात. घरी आणल्यावर कळतं की मागचे दोन स्पीकर ठेवायला जागाच नाही. हप्ता मात्र वर्षभर चालू राहतो. म्हणून कोणत्या गोष्टीला पैसे द्यायचे आणि कशाला नाही, ते नीट समजून घेऊ.

पाच स्पीकर कशासाठी असतात?

शेजारपाजारच्या चार घरांत कुकर लागलेत आणि शिट्टी झाली, तर ती कोणाच्या घरातली हे आपण न बघता सांगतो. कारण आपल्याला कान दोन आहेत. आवाज ज्या बाजूने येतो त्या बाजूच्या कानात तो किंचित आधी आणि जरा मोठा पोचतो. त्यावरून मेंदू दिशा ओळखतो.

स्टीरिओ याच गोष्टीवर चालतो. डावा एक, उजवा एक, असे दोन स्पीकर. दोन्हींतून सारखा आवाज आला तर गाणारी बाई मधोमध उभी आहे असं वाटतं. याला २.० म्हणतात. त्याला ढोलकी, पखवाजाचा जड आवाज देणारा एक मोठा डबा, म्हणजे सबवूफर, जोडला की झालं २.१. टिंबाच्या आधीचा आकडा स्पीकरचा, नंतरचा सबवूफरचा.

सराउंड म्हणजे आवाज चहूबाजूंनी. ५.१ मध्ये समोर डावा, उजवा आणि मधला असे तीन स्पीकर, बसणाऱ्याच्या बाजूला किंवा मागे दोन आणि एक सबवूफर. मधल्या स्पीकरमधून मुख्यतः बोलणं येतं. मागच्या दोनमधून पाऊस, गर्दी, मागून येणारी गाडी असे आवाज येतात. थिएटरमध्ये पाऊस आपल्यावर पडतोय असं वाटतं ते यामुळेच.

आपल्या खोलीत हे बसतं का?

दुकानात जाण्याआधी घरात टेप लावा. आपली बाहेरची खोली बहुतेक दहा बाय बारा. एका भिंतीला टीव्ही, समोरच्या भिंतीला चिकटून दिवाण किंवा कॉट. म्हणजे बसणाऱ्याची पाठ भिंतीला. मग मागचे स्पीकर ठेवणार कुठे? माणसं ते टीव्हीच्याच बाजूला रांगेत मांडतात, नाहीतर छताला टांगतात. पाचही स्पीकर समोर मांडले तर सराउंड राहत नाही. पैसे पाचाचे गेले आणि काम दोनाचं झालं.

शिवाय मागच्या स्पीकरपर्यंत वायर न्यावी लागते. ती जमिनीवरून नेली तर झाडताना, पुसताना पायात येते, लहान मूल ओढतं.

छप्पर पत्र्याचं असेल तर आणखी एक गोष्ट. पत्रा आणि फरशी दोन्हींवरून आवाज आपटून परत येतो. सबवूफर वाढवला की पत्रा, भांड्यांची मांडणी, खिडकीची काच थरथरते आणि बोलणं गढूळ होतं. जाड पडदा, सतरंजी, गोधडी, कपड्यांची घडवंची खोलीत असेल तर आवाज बराच सुधारतो. याला खर्च शून्य.

पाच स्पीकरचा आवाज घरात येतो तरी का?

ही गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. स्पीकर पाच असले तरी त्यांना पाच वेगवेगळे आवाज मिळाले पाहिजेत.

मोबाइलवरून ब्लूटूथने गाणी लावली तर त्यातून फक्त डावा आणि उजवा, असे दोनच आवाज जातात. लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरमधूनही दोनच. ऑक्सच्या बारीक पिनेतूनही दोनच. मग बाकीच्या स्पीकरमधून जे वाजतं ती त्या दोन आवाजांचीच नक्कल असते. टीव्हीवरच्या मालिका, बातम्याही बहुतेक दोन आवाजांतच येतात आणि आपली जुनी गाणीही तशीच.

खरा ५.१ आवाज मिळायला तीन गोष्टी लागतात. एक, तो सिनेमा ५.१ आवाजात आलेला असावा. दोन, टीव्हीला एचडीएमआयचं एआरसी लिहिलेलं भोक किंवा ऑप्टिकल आउट असावं. तीन, होम थिएटरमध्येही तीच सोय असावी आणि डॉल्बी डिजिटल असं स्पष्ट लिहिलेलं असावं. स्वस्तातल्या बऱ्याच ५.१ सेटमध्ये मागे फक्त लाल-पांढऱ्या पिना, ब्लूटूथ आणि पेनड्राइव्हची जागा असते. तो सेट दिसायला पाचाचा असला तरी कामाला दोनाचाच आहे.

म्हणून घरातून निघताना टीव्हीच्या मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढून न्या. दुकानदाराला दाखवा आणि विचारा, "याला कोणत्या वायरने जोडणार? ती वायर सोबत मिळते का?" निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

वॅटचा आकडा कसा वाचायचा?

खोक्यावर दोन प्रकारचे वॅट असतात. पीएमपीओ म्हणजे क्षणभरासाठी कागदावर काढलेला मोठ्यात मोठा आकडा. तो मोजायची एक ठरलेली पद्धत नाही, म्हणून हजारांत लिहिलेला दिसतो. त्याकडे बघूच नका. आरएमएस म्हणजे सेट सतत किती ताकदीने वाजू शकतो तो आकडा. तुलना करायची ती फक्त आरएमएसची.

आकडा खरा वाटत नसेल तर सेट उलटा करून मागची पट्टी वाचा. तिथे वीज किती वॅट घेतो ते लिहिलेलं असतं. आत जेवढी वीज जाते त्यापेक्षा जास्त ताकद सतत बाहेर येऊ शकत नाही. ॲडॅप्टरवर चालणारा असेल तर गुणाकार करा. १२ व्होल्ट आणि ३ अँपिअर लिहिलं असेल तर झाले ३६ वॅट. असा सेट सतत १०० वॅट देतो असं कोणी म्हणालं तर ती पट्टी त्याच्यासमोर धरा.

आणखी एक लक्षात ठेवा. वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट मोठा वाटत नाही. कानाला दुप्पट वाटायला वॅट जवळपास दहापट लागतात. ४० वॅट आणि ८० वॅट यांत फरक थोडाच जाणवतो, पैशात मात्र खूप असतो. दहा बाय बारा खोलीत ४०-६० वॅट आरएमएस पुरून उरतात.

मग घ्यायचं काय?

मुख्य काम टीव्हीचं बोलणं स्पष्ट ऐकणं असेल तर साउंडबार बघा. टीव्हीखाली ठेवायची एक लांब पट्टी, वायर एक-दोनच. त्यात बोलण्यासाठी मधला वेगळा स्पीकर असेल, म्हणजे ३.१ असेल, तर वयस्कर माणसांना फार सोयीचं. काही साउंडबारवर "व्हर्च्युअल सराउंड" लिहिलेलं असतं. ते आवाज बाजूच्या भिंतींवर आपटवून किंवा त्यात फेरफार करून चहूबाजूंचा भास देतात. खोलीच्या एका बाजूला दार-खिडकी कायम उघडी असेल तर हा भास फारसा जमत नाही.

मुख्य काम गाणी, भजनं, अभंग ऐकणं असेल तर चांगला २.१ घ्या. त्याच पैशात पाच हलके स्पीकर घेण्यापेक्षा दोन दणकट स्पीकर आणि एक सबवूफर हा सौदा चांगला. दोन स्पीकरमध्ये पाच-सहा फूट अंतर ठेवा, तेवढ्याच अंतरावर बसा आणि स्पीकर बसल्यावर कानाच्या उंचीला येतील असे ठेवा. एवढं केलं तरी आवाज उघडतो.

५.१ घ्यायचाच असेल तर खोली मोठी हवी, बसण्याच्या मागे दोन-तीन फूट मोकळी जागा हवी, टीव्हीला वर सांगितलेली जोडणी हवी आणि घरात सिनेमे खरोखर बघितले जात असावेत. या चारही गोष्टी असतील तर जरूर घ्या, मजा येते.

दुकानात ऐकून बघा

भाजी घेताना आपण चार ठिकाणी निवडतो, साडी उलगडून बघतो. मग आवाज न ऐकता खोका कसा उचलायचा? दुकानदार त्याचं धडाडधूम गाणं लावतो, त्यावर जाऊ नका. तुमच्या मोबाइलमधलं रोजच्या ऐकण्यातलं गाणं लावायला सांगा.

१. आवाज बारीक ठेवून बातम्या ऐका. शब्द न् शब्द कळला पाहिजे.
२. ढोलकीचं गाणं लावा. ढोलकीच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या ऐकू आल्या पाहिजेत. नुसतं "धुप धुप" येत असेल तर सबवूफर निकृष्ट आहे.
३. आवाज पाऊणपट वाढवा. गायिकेचा आवाज फाटतो का, डबा खडखडतो का, ते बघा.
४. काहीच न लावता आवाज वाढवून कान जवळ न्या. मोठी घुरघुर येता कामा नये.
५. रिमोटची बटणं तुम्ही स्वतः दाबून बघा. घरात टीव्हीपाशी जास्त वेळ कोण असतं? मग रिमोट आपल्याला कळायला हवा.

दुकानदार बऱ्याचदा सोबतच्या पुरुषमाणसाशी किंवा मुलाशीच बोलतो. हरकत नाही, प्रश्न आपण विचारायचे. पैसे घरातले आहेत आणि घर आपलंही आहे.

पैसे कुठून आणायचे?

समजा, सेट ९,००० रुपयांचा आहे. चार रस्त्यांचा हिशेब बघा.

दुकानातला हप्ता: महिना ८५० रुपये, १२ महिने आणि ५०० रुपये प्रोसेसिंग फी. एकूण १०,७००. म्हणजे १,७०० रुपये जास्त.

गटाचं अंतर्गत कर्ज, महिना २ टक्के, उरलेल्या मुद्दलावर व्याज, १२ महिने: व्याज १,१७० रुपये.

तेच कर्ज महिना १ टक्क्याने: व्याज ५८५ रुपये.

दर महिना १,००० रुपये बाजूला टाकून नऊ महिन्यांनी रोखीने: व्याज शून्य. रोखीचा भाव कमी करून मागता येतो ते वेगळंच.

"झिरो टक्के व्याज" ऐकून भुलू नका. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. ते व्याज फीमध्ये किंवा रोखीच्या न मिळालेल्या सवलतीत लपलेलं असतं. म्हणून एकच प्रश्न विचारा, "रोख दिले तर किती, आणि हप्त्याने सगळे मिळून किती?" दोन्ही आकडे कागदावर लिहून घ्या.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट सहीची. बऱ्याचदा वस्तू घर वापरतं, पण आधार कार्ड आणि ओटीपी बाईचा दिला जातो, कारण "ताईचं रेकॉर्ड चांगलं आहे." कर्ज ज्याच्या नावावर, थकबाकीची नोंदही त्याच्याच नावावर. दोन हप्ते चुकले की ती नोंद तुमच्या सिबिलमध्ये जाते. पुढे शिलाई मशीन, शेळीपालन, पिठाची गिरणी यासाठी बँकेत गेलात तर तिथे ती अडवते. इतकी वर्षं नियमित बचत, नियमित परतफेड करून जी पत कमावली, ती एका स्पीकरसाठी घालवायची का? ओटीपी सांगण्याआधी हप्ता कोण, कोणत्या पैशातून भरणार, ते घरात ठरवून घ्या.

गटातून करमणुकीच्या वस्तूसाठी कर्ज घेऊच नये असा कोणाचा हुकूम नाही, तो ज्या त्या गटाचा निर्णय. पण त्या महिन्यात कोणाला बियाण्याला, दवाखान्याला, मुलीच्या फीला पैसे लागणार असतील तर ती मागणी आधी. आपल्या दशसूत्रीतला नियमित परतफेडीचा नियम मोडता कामा नये. बचतीतून घेतलेली वस्तू मात्र निवांत वाजवता येते.

बिल, वॉरंटी आणि तक्रार

पक्कं बिल घ्या. त्यावर कंपनीचं नाव, मॉडेल, सेटचा अनुक्रमांक, तारीख आणि जीएसटी असलंच पाहिजे. वॉरंटी कार्डावर शिक्का-सही तिथल्या तिथे घ्या. "बिघडलं तर आम्ही बघू" यावर न थांबता सर्व्हिस सेंटर कोणत्या गावात आहे ते विचारा. रिमोट, वायर, ॲडॅप्टर वॉरंटीत आहेत का, तेही विचारा.

ब्लूटूथ स्पीकर, ॲडॅप्टर अशा वस्तूंवर बीआयएसची खूण आणि "आर" अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. "बीआयएस केअर" ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की खरा आहे का ते दिसतं. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे कोणी घेऊ शकत नाही. छापील किंमत २४ हजार आणि "तुमच्यासाठी नऊ हजार", याला मात्र सूट समजू नका. आकडा मुद्दाम फुगवलेला असू शकतो. दोन-तीन दुकानांतला खरा विक्रीभाव बघा.

वस्तू सदोष निघाली आणि दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तरी मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे फी लागत नाही. पण त्या वेळी हातात पक्कं बिल लागतं.

घरी आणल्यावर

सबवूफर कोपऱ्यात ठेवला की धमक वाढते. जास्त घुमत असेल तर भिंतीपासून हात-दीड हात पुढे घ्या. डब्याला जे गोल भोक असतं त्यातून उंदीर, झुरळं आत शिरतात आणि वायरी कुरतडतात. वापर नसताना त्यावर कापड बांधा, पण चालू असताना काढा, नाहीतर सेट तापतो. चूल, गॅस, उदबत्ती, दिवा यांपासून लांब ठेवा.

कमी-जास्त होणाऱ्या विजेसाठी चांगला स्पाइक गार्ड वापरा आणि विजा कडाडायला लागल्या की सरळ पीन काढून ठेवा. ५० वॅटचा सेट रोज तीन तास चालला तर महिन्याला साडेचार युनिट लागतात. फार नाही. पण रिमोटने बंद केलेला सेट थोडी वीज खातच राहतो. रात्री बोर्डावरचं बटण बंद करायची सवय लावा.

कान आणि शेजार

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, पण ९० डेसिबलचा फक्त चार तास. घरी मोजायची सोपी खूण आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज जास्त आहे. तान्हं मूल सबवूफरजवळ झोपवू नका.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. घरातल्या खासगी सेटचा आवाजही आपल्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वाढता कामा नये. पण नियमाच्याही आधी माणुसकी. शेजारी कोणाची बारावी असेल, कोणी आजारी असेल, कोणाकडे दुःख झालं असेल, तर बटण आपल्याच हातात आहे.

गटासाठी घ्यायचा असेल तर

ग्रामसंघाच्या बैठकीसाठी, हळदीकुंकवासाठी किंवा भाड्याने देण्यासाठी होम थिएटर घेऊ नका. ते खोलीसाठी बनवलेलं असतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, मागच्या बायकांना काही ऐकूच येत नाही. त्या कामाला माइक आणि बॅटरीसह चाकांचा ट्रॉली स्पीकर योग्य. खरेदीआधी बैठकीत ठराव घ्या, तीन दुकानांचे दर मागवा, बिल गटाच्या नावावर करा. सेट कोणाकडे राहील, बिघडला तर खर्च कोण करेल, भाडं किती, तेही इतिवृत्तात लिहून ठेवा.

पुढच्या बैठकीत वाचायचे सात प्रश्न

१. खोली किती बाय किती? बसण्याच्या मागे जागा आहे का?
२. जास्त काय ऐकणार, बोलणं, गाणी की सिनेमा?
३. टीव्हीच्या मागे कोणती जोडणी आहे?
४. आरएमएस किती? मागच्या पट्टीवर वॅट किती?
५. रोखीने किती, हप्त्याने एकूण किती?
६. कर्ज कोणाच्या नावावर, हप्ता कोण भरणार?
७. पक्कं बिल आणि जवळचं सर्व्हिस सेंटर आहे का?

या सातांची उत्तरं हातात असतील तर निर्धास्त दुकानात जा. दोन प्रश्नांची जरी मिळत नसतील, तर खरेदी पुढच्या सणापर्यंत थांबवा, आणि तोवर महिन्याला हजार रुपये बाजूला पडू द्या.